दिवाळखोर देशातला विद्यार्थी

महाराष्ट्रात सरकारने कुठलीही सवलत जाहीर केली की दोन दिवसांत एक वाक्य कानावर येतेच: अशाने आपली श्रीलंका होईल. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले, तेव्हाही ते आले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९ जुलै २०२२ रोजी, दिल्लीत दिवाळखोरीत निघालेल्या श्रीलंकेवर सर्वपक्षीय बैठक झाली होती. आर्थिक शिस्त हवी आणि फुकट वाटपाची संस्कृती नको, असा धडा परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या बैठकीनंतर सांगितला. तेव्हापासून श्रीलंका हे आपल्याकडे देशाचे नाव कमी आणि धाक दाखवण्याचे साधन जास्त झाले आहे. या मंडळींना उत्तर देणारेही काही कमी नाहीत. त्यांच्या लेखी श्रीलंका म्हणजे राष्ट्रपतींच्या निवासस्थानातल्या पोहण्याच्या तलावात उड्या मारणारे तरुण, जनतेने उलथवलेली सत्ता, तरुणाईचा विजय. पहिल्या बाजूच्या बोलण्यात विद्यार्थी हा खर्चाचा आकडा असतो, दुसऱ्या बाजूच्या बोलण्यात तो झेंडा असतो. ज्याला रोज सकाळी उठून शाळेत किंवा कॉलेजात जायचे होते, तो विद्यार्थी या दोघांच्याही वादात येतच नाही.

माझे म्हणणे असे आहे. देश दिवाळखोरीत निघतो तेव्हा सगळे हिशेब पैशांत मांडले जातात, पण विद्यार्थ्याचे नुकसान मुख्यतः वेळेत होते, आणि ती भरपाई आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कोणत्याही हप्त्यातून होत नाही. म्हणून संकटात विद्यार्थ्याचा दिवस वाचवणे, म्हणजे त्याचा प्रवास, एक वेळचे जेवण, संध्याकाळची वीज आणि परीक्षेची ठरलेली तारीख सांभाळणे, हे काम हालाखी संपल्यावर करायच्या कामांच्या यादीत टाकता येत नाही. ते इंधन आणि औषधांच्या बरोबरीने, त्याच आठवड्यात करायला हवे. आणि ते तुलनेने स्वस्तही आहे.

आधी तो दिवस नीट पाहू. कोलंबोला लागून असलेल्या गम्पहा जिल्ह्यात अॅडव्हान्स्ड लेव्हलची, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या जागची, तयारी करणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. मार्च २०२२ चा शेवट आहे. वीज मंडळाने सगळ्या देशाचे अक्षरांनी गट पाडले आहेत आणि आपल्या गटाची वीज किती ते किती जाणार याचे वेळापत्रक रोज निघते. शाळेच्या वेळापत्रकाआधी ते बघावे लागते, कारण काही दिवस वीज तेरा-तेरा तास नसते. स्वयंपाकाच्या गॅसचा साडेबारा किलोचा सिलिंडर मिळत नाही, आणि एप्रिलमध्ये मिळू लागतो तेव्हा त्याची किंमत ४,८६० रुपये आहे. (रुपये श्रीलंकेचे, इथून पुढेही.) वडील गॅसच्या किंवा पेट्रोलच्या रांगेत असतात आणि रांग रात्र ओलांडते, तेव्हा घरातले कोणीतरी त्यांना सोडवायला जाते. बहुधा ते कोणीतरी म्हणजे घरातले शिकणारे मूल असते, कारण त्याचा वेळ फुकट धरलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये लिटरला १७७ रुपये असलेले पेट्रोल जूनअखेर ४७० वर गेले, तर बसचे किमान भाडे १ जुलैला ३२ वरून ४० रुपये झाले. जी बस परवडते ती डिझेल नाही म्हणून सुटत नाही, आणि जी सुटते तिच्या दारात लोंबकळायलाही जागा नसते. याच मार्चमध्ये कागद आणि शाई आयात करायला परकीय चलन नाही म्हणून पश्चिम प्रांतात वरच्या वर्गांच्या सत्र परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. प्रश्नपत्रिका छापायला कागद नाही, हे कारण एका संपूर्ण प्रांताने अधिकृतपणे दिले.

श्रीलंकेतले शिक्षण फुकट आहे, मग या मुलीला पैशांचा काय प्रश्न, असे इथे कोणी विचारेल. शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या पुढाकाराने १९४० च्या दशकात तिथे बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षण आले हे खरे, आणि दक्षिण आशियात त्या देशाची साक्षरता कायम वर राहिली ती त्यामुळेच. पण फुकट असते ते शुल्क. शाळेपर्यंतचा रस्ता फुकट नसतो, वह्या फुकट नसतात, आणि अॅडव्हान्स्ड लेव्हलला बसणाऱ्या बहुतेक मुलांना शाळेबाहेरचे खासगी वर्ग लावावेच लागतात, कारण पात्र ठरणाऱ्यांपैकी जेमतेम चौथाई मुलांनाच सरकारी विद्यापीठात जागा मिळते. संकटाने ढासळला तो हा शुल्काबाहेरचा भाग. ज्या भागाला सरकार आपली जबाबदारीच मानत नव्हते, तोच कोसळला, त्यामुळे कागदोपत्री मोफत शिक्षण जसेच्या तसे राहिले आणि ते घेणारी मुले मात्र घरी बसली.

जूनच्या शेवटी इंधन फक्त अत्यावश्यक सेवांना देण्याचे ठरले आणि शहरी भागांतल्या शाळा बंद झाल्या. जुलै २०२२ च्या २५ तारखेला त्या उघडल्या, पण आठवड्यातून तीनच दिवस, उरलेले दोन दिवस ऑनलाइन. वीज नसलेल्या घरात ऑनलाइन. त्याआधीची दोन वर्षे कोविडमध्ये गेली होती आणि २०२१ मध्ये शिक्षकांनी वेतनासाठी ऑनलाइन शिकवण्यावर तीन महिन्यांचा बहिष्कार टाकला होता. म्हणजे २०२२ चे संकट आले ते आधीच खचलेल्या मुलांवर.

आता वेळेचा हिशेब. अॅडव्हान्स्ड लेव्हलची परीक्षा तिथे वर्षानुवर्षे ऑगस्टमध्ये होत असे. २०२२ ची परीक्षा झाली २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. मग वाढीव आयकराविरुद्ध विद्यापीठ शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला, आणि निकाल लागला सप्टेंबर २०२३ मध्ये. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण पास झालो की नाही हे कळायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत तो ना विद्यार्थी होता ना कामगार. २०२४ ची परीक्षाही नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच होऊ शकली. रुपया सावरला, रांगा संपल्या, पर्यटक परतले, महागाई एक आकड्यात आली, पण परीक्षेचे वेळापत्रक २०२४ मध्येही ऑगस्टवर परत आलेले नव्हते. कोणत्या अर्थसंकल्पात ही तूट दाखवली जाते?

आता समोरच्या बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे घेऊ, कारण ते फुसके नाहीत. पहिला मुद्दा सवलतींचा. श्रीलंकेत वर्षानुवर्षे वस्तू खर्चाच्या खाली विकल्या गेल्या हे निखालस खरे आहे. वीजदर नऊ वर्षे वाढवले नव्हते, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते एकदम ७५ टक्क्यांनी वाढवावे लागले. इंधन महामंडळ आणि सरकारी विमान कंपनी तोट्यात होत्या, सरकारी नोकरांची संख्या देशाच्या मानाने अवाढव्य होती. हे कोणी नाकारत असेल तर त्याने आकडे पाहिलेले नाहीत. पण यातला शिक्षणाचा वाटा किती? श्रीलंकेचा सार्वजनिक शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, जगातल्या सर्वांत कमी खर्चांपैकी. स्वस्त विजेचा फायदा ज्याच्या घरी वातानुकूलन आहे त्याला जास्त होतो, पदवीच्या शिक्षणाचा तसा होत नाही. आणि तिजोरी खरोखर रिकामी झाली ती कुठे, हे पाहायचे तर डिसेंबर २०१९ कडे जावे लागते. गोटाबाया राजपक्षे राष्ट्रपतिपदी निवडून आल्यावर मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला गेला, आणखी अनेक कर कापले गेले. २०२१ मध्ये करांतून येणारे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.७ टक्के उरले, तर सरकारी महसुलाचा सुमारे सत्तर टक्के भाग फक्त व्याजात जात होता. त्यावर रासायनिक खतांची रातोरात बंदी आणि कोविडमुळे बुडालेले पर्यटन. या सगळ्या कारणांत मोफत शाळा कुठे बसते? करकपात हीसुद्धा एक सवलतच होती, आणि ती मिळाली होती कर भरण्याइतके उत्पन्न असलेल्यांना. तिला फुकट वाटप म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, म्हणून श्रीलंकेचा धडा नेहमी शिष्यवृत्तीच्या वेळी आठवतो.

दुसरा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. रुग्णालयात औषध नसेल, तान्ह्या बाळाला दूध नसेल, तेव्हा परीक्षा घेण्याचा हट्ट कशाला? मार्च २०२२ मध्ये पेरादेनियाच्या शिक्षण रुग्णालयाला औषधे आणि साहित्याअभावी नियोजित शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या होत्या. ज्याच्या बापाची शस्त्रक्रिया रद्द झाली त्याला परीक्षेच्या तारखेचे महत्त्व सांगायला मी जाणार नाही. जीव आधी, हे मान्यच. पण या युक्तिवादात गृहीत धरले आहे की विद्यार्थ्याला दिलेला प्रत्येक रुपया रुग्णाच्या ताटातून काढावा लागतो. प्रत्यक्षात तसे झाले का, याचे उत्तर जानेवारी २०२३ मधल्या एका वादात मिळते, आणि तो वाद आपल्याकडे कोणी फारसा पाहिलाच नाही.

त्या महिन्यात अॅडव्हान्स्ड लेव्हलची परीक्षा सुरू झाली तेव्हा रोजचे भारनियमन दोन तास वीस मिनिटांवर आले होते. तीन लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली होती. देशाच्या मानवाधिकार आयोगाने मागणी केली की परीक्षेच्या काळात, म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत, वीज तोडू नये. वीज मंडळाचे म्हणणे होते की जादा तेल जाळायला पैसे नाहीत. हे म्हणणे खोटे नव्हते, मंडळ खरोखर कर्जात बुडालेले होते. आयोगासमोर तडजोड झाली असे एक बाजू म्हणे, झालीच नाही असे दुसरी म्हणे, आणि संध्याकाळी वीज जातच राहिली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १७ फेब्रुवारीपर्यंत वीज न तोडण्याचे ठरले. वीज तोडणे थांबले, परीक्षा झाली आणि देशावर आकाश कोसळले नाही. परीक्षा संपता संपता दर पुन्हा वाढले, ते वाढायचेच होते. मला यातून दिसते ते असे की दोन आठवडे मुलांना दिव्याखाली बसू देणे त्या दिवाळखोर देशालाही जमण्यासारखे होते. ते न जमण्याचे कारण पैसा पूर्णपणे नव्हता. तो खर्च कोणाच्या अधिकारात येतो हे ठरलेले नव्हते, आणि ते ठरवायला परीक्षेचा अर्धा काळ उलटावा लागला. अखंड वीज कोणाला द्यायची याची यादी अशा वेळी केली जातेच. परीक्षार्थी त्या यादीत नव्हते, एवढाच फरक.

तिसरा मुद्दा आपल्या मातीतला आहे, आणि मराठी घरांत तो फार अभिमानाने सांगितला जातो. आमचे आजोबा माधुकरी मागून शिकले, वार लावून जेवले, म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली बसून मॅट्रिक झाले. हालअपेष्टांनी माणूस घडतो. हा मुद्दा मी सहज उडवून लावत नाही. तशी माणसे खरोखर होती आणि त्यांच्या जिद्दीपुढे मान लववावी अशीच ती होती. पण या गोष्टी आपल्याला कोणी सांगितल्या? जे शिकले त्यांनी. त्याच दिव्याखाली बसून ज्यांचे डोळे गेले, वारांतला एक वार सुटला म्हणून जे गावी परतले, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. शिवाय तो दिवा होता कोणाचा? नगरपालिकेचा. कोणीतरी कर भरला होता, कोणीतरी संध्याकाळी तो पेटवून जात होते. माधुकरी हीसुद्धा एका समाजाने आपल्या मुलांसाठी लावलेली व्यवस्था होती, आणि ती कोणाच्या दारात कोणाला मिळत असे आणि कोणाला मिळत नसे, हे आपण जाणतो. ज्यांना ती मिळत नव्हती त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारायला सुरुवात केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, आणि मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. या माणसांनी हालअपेष्टांचा गौरव केला नाही, त्या कमी करायला पदरचे मोडले. आपण त्यांचे नाव घेतो आणि शिकवण मात्र नेमकी उलटी काढतो.

आणि श्रीलंकेत तर त्या दिव्याचाही आधार राहिला नाही. मार्च २०२२ अखेर वीज वाचवण्यासाठी रस्त्यावरचे दिवे बंद करण्याच्या सूचना दिल्याचे तिथल्या ऊर्जामंत्र्यांनीच सांगितले. घासलेटचा दर ऑगस्टमध्ये ८७ वरून ३४० रुपये झाला. मग जिद्दीच्या मुलाने बसायचे तरी कुठे?

चौथा मुद्दा अभ्यासू लोक मांडतात. मंदीत पटसंख्या घसरतेच असे नाही, असे ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. अमेरिकेत १९३० च्या महामंदीत हायस्कुलांतली संख्या उलट वाढली. कामच मिळत नव्हते, मग मुले शाळेत थांबली. पण नुसती पटावरची संख्या पाहणे पुरेसे आहे का? त्याच काळात शिकागोच्या शिक्षकांना महिनोन् महिने पगार नव्हता, आणि एप्रिल १९३३ मध्ये ते बँकांवर चालून गेले. वर्ग भरलेला आणि शिकवणारा उपाशी, अशी ती शाळा होती. दुसरे असे की मुले शाळेत टिकली त्याला सरकारचाही हात लागला. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने राष्ट्रीय युवक प्रशासन स्थापन केले आणि शिकत असतानाच ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात कामे देऊन विद्यार्थ्यांना पैसे दिले. हायस्कूलच्या मुलाला महिन्याला ६ डॉलरपर्यंत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रिचर्ड निक्सन ड्यूक विद्यापीठात कायदा शिकताना याच योजनेतून तासाला ३५ सेंट मिळवत होते. त्या सहा डॉलरांत फार काही येत नसे, पण बूट येत आणि बसचे भाडे निघत असे, आणि मूल शाळेतून गळते ते बहुतेकदा एवढ्याच रकमेपायी.

श्रीमंत देशाचे उदाहरण पटत नसेल तर इंडोनेशियाचे घ्या. १९९८ मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था एका वर्षात तेरा टक्क्यांनी आकसली, रुपिया कवडीमोल झाला. शाळागळतीची लाट येणार असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. सरकारने जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या कर्जातून एक मोठी शिष्यवृत्ती योजना उभी केली. प्राथमिकच्या सुमारे ६ टक्के, कनिष्ठ माध्यमिकच्या १७ टक्के आणि उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांपर्यंत ती पोचवायचे ठरले, आणि त्यांतल्या निम्म्या तरी मुली असाव्यात असा दंडक होता. पैसे रोख होते. शुल्काला लावा, गणवेशाला लावा, प्रवासाला लावा. योजनेला गळती होती, गरज नसलेल्या घरांतही काही पैसा गेला, हे मान्य करायला हवे. तरीही भीती होती तेवढी मुले शाळेबाहेर गेली नाहीत, आणि कनिष्ठ माध्यमिक टप्प्यावर, जिथे मुले कामाला लागतात, तिथे या पैशाने गळती कमी केल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले. पैसा नाही म्हणून काही करता येत नाही, हे म्हणणे इंडोनेशियाने एका वर्षात खोटे ठरवले. पैसा तिथेही नव्हता. कर्ज मागायला बसताना त्यांनी शाळेतल्या मुलाला मागणीपत्रात घातले होते, आणि संकटात ठरवण्यासारखे असते ते इतकेच.

तलावातल्या उड्यांचे कौतुक करणाऱ्यांशीही माझे जमत नाही. कोलंबोतल्या गॉल फेसच्या मैदानावर तरुणांनी जे उभे केले ते मोठे होते. त्या तंबूंच्या वसाहतीत त्यांनी वाचनालय मांडले होते, शिकवण्याचे वर्गही चालवले होते. ९ जुलै २०२२ रोजी लोक राष्ट्रपतिभवनात शिरले आणि १४ जुलैला गोटाबाया यांनी देशाबाहेरून राजीनामा पाठवला. हे विद्यार्थ्यांवाचून झाले नसते. जकार्तात १२ मे १९९८ रोजी त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात मेले आणि नऊ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची सत्ता गेली, तेही विद्यार्थ्यांवाचून झाले नसते. विद्यार्थ्यांनी फक्त अभ्यास करावा असे म्हणणाऱ्यांना मी विचारीन, की वर्ग बंद, वीज बंद, बस बंद असताना अभ्यास करायचा तो कशाचा? पण सत्ता गेल्यावर काय? ऑगस्टमध्ये आंतरविद्यापीठ विद्यार्थी महासंघाचे निमंत्रक वसंत मुदलिगे यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडले आणि ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटले. बाकीची मुले वसतिगृहात परतली. तिथे त्यांच्या हातात होती महापोला शिष्यवृत्ती, महिन्याला साधारण ५,००० रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई वर्षभरात जवळजवळ ७० टक्के वाढली होती आणि अन्नाची ९५ टक्क्यांच्या घरात. त्या पाच हजारांचे मोल २०२० च्या मानाने तीन हजारांच्या आत आले होते. राष्ट्रपती बदलले, पंतप्रधान बदलले, मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले, आणि शिष्यवृत्तीची रक्कम होती तिथेच राहिली. क्रांतीचे फोटो लावणाऱ्यांपैकी किती जणांनी या आकड्याची विचारपूस केली?

वसतिगृहातल्या मुलाचे या रकमेत काय होते ते सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. सकाळचा नाश्ता सुटतो. मग दुपारचे एक पाकीट दोघांत वाटले जाते. गावी जाणे तीन महिन्यांवर जाते. छायाप्रती काढणे बंद होते आणि एकाच्या फोनमधल्या पानांवर पाचजण वाचतात. शेवटी तो एखादे काम धरतो, आणि परीक्षेला बसतो पण वर्गात बसत नाही. हजेरीपटावर तो असतो, निकालातही बहुधा पास असतो. या मुलांची नोंद कुठल्याच गळतीच्या आकड्यात होत नाही, म्हणून शिक्षण टिकून राहिले असे अहवालात लिहिता येते.

ज्यांना जमले ते देशच सोडून गेले. २०२२ मध्ये परदेशी कामासाठी तीन लाखांहून अधिक श्रीलंकन नोंदणी करून बाहेर पडले, आणि देशाची वस्ती तेव्हा सुमारे २.२ कोटी होती. त्यांत डॉक्टर होते, अभियंते होते, विद्यापीठांतले शिक्षकही होते. त्यांनी पाठवलेल्या डॉलरनी परकीय चलनाची गंगाजळी भरली आणि त्याला सावरणे म्हटले गेले. ते सावरणे खरे आहे, ते डॉलर आले नसते तर औषधे आली नसती. पण वीस वर्षे मोफत शिकवलेली माणसे विकून आलेला तो पैसा आहे, हेही त्याच कागदावर लिहायला हवे.

आता आपल्याकडे. श्रीलंका होईल म्हणून जे घाबरवतात त्यांची भीती खरी असेल, तर त्यांनी संकट येण्याआधी काही गोष्टींचा आग्रह धरायला हवा, आणि त्या शिष्यवृत्ती कापण्याच्या अगदी उलट आहेत. महाराष्ट्रात दुष्काळ जाहीर झाला की मिळणाऱ्या सवलतींत परीक्षा शुल्काची माफी असते. चांगली गोष्ट आहे, पण ती पुन्हा शुल्कापुरतीच. दुष्काळी वर्षात मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाची अडचण परीक्षेच्या शुल्काची क्वचित असते. घरून पैसे येणे थांबते आणि खानावळीचे बिल थकते, ती खरी अडचण. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली, तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये ठरले. ही रक्कम महागाईशी बांधलेली नाही. सरकारी नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा आपोआप हलतो, मग विद्यार्थ्याच्या भत्त्याला दर वेळी मोर्चा का काढावा लागतो? शिष्यवृत्तीची रक्कम निर्देशांकाला बांधणे, परीक्षा काळात वीज कोणी द्यायची हे आधीच लिहून ठेवणे, टंचाईत इंधन वाटपाच्या यादीत रुग्णवाहिकेखालोखाल विद्यार्थ्यांच्या बसचे नाव घालणे, यांपैकी कशानेही कोणाचे दिवाळे निघत नाही.

श्रीलंकेने महापोलाची रक्कम अखेर वाढवली. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती ५,००० वरून ७,५०० रुपये झाली, आणि गरजू विद्यार्थ्यांचा दुसरा भत्ता ४,००० वरून ६,५०० झाला. नव्या सरकारने हे केले म्हणून त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. मात्र २०२२ मध्ये जी मुले पदवीच्या शेवटच्या वर्षांत होती, त्यांच्यासाठी ही वाढ आली तेव्हा त्यांचे विद्यापीठ कधीच सुटले होते.